सावली नावाचा राक्षस

माझं आयुष्य माल नापास करण्यात गेलं. आधी भोसरीत, मग चाकणला. मी क्वालिटीत आहे. समोर पार्ट येतो, मी तो उलटासुलटा करून बघतो, गेज लावतो, आणि खोट दिसली की लाल टॅग बांधून बाजूला ठेवतो. प्रॉडक्शनवाले माझ्या नावानं बोटं मोडतात. मोडू देत. माझ्या हाताखालून गेलेला माल कधी परत आलेला नाही, हे मी घरात इतक्यांदा सांगितलंय की वाक्य अर्ध्यावर आलं की बायको गॅस बघायला उठते.

तर असल्या माणसाकडे गेल्या एप्रिलात एक राक्षस तपासायला आला. आणि तो आणला माझ्याच पोरीनं.

पोरगी इंजिनियर आहे. मीच चार ठिकाणी शब्द टाकून तिला चाकणच्या एका कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात चिकटवली होती. घराच्या कोपऱ्यावरून कंपनीची बस, कँटीनला गरम जेवण, गुरुवारची सुट्टी. थेरगावात बापाचं घर. माणसाला आणखी काय पाहिजे? हिला पाहिजे होते राक्षस. हा नाद तिला रावेतच्या आयटीवाल्या पोरांनी लावला. मोठमोठ्या टॉवरात राहणारी, चांगली शिकलेली, लग्नाची झालेली पोरं. रविवारी क्लबहाउसात एसी लावून बसतात आणि आपण जंगलात भटकतोय असं एकमेकांना सांगतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे 'मी दार उघडतो', 'मी तलवार काढतो' असं नुसतं तोंडानं म्हणतात. ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. हातात तलवार नाही, समोर दार नाही, टेबलावर वेफर्स. आमच्या लहानपणी याला भातुकली म्हणायचे आणि ती आठ-नऊ वर्षांची झाल्यावर पोरी सोडून द्यायच्या.

ती रविवारी कामाला दांडी मारून तिकडे जायची, तेवढं मी चालवून घेतलं. पण मग बंगळूरच्या एका कंपनीला हा खेळ मराठीत काढायचं सुचलं आणि त्यांना राक्षस लिहिणारं माणूस हवं झालं. हो, अशी नोकरी असते. राक्षस लिहायची. त्यांनी हिला सांगितलं की एक सावलीचा राक्षस लिही, हा खेळ कधीच न खेळलेल्या तीन मराठी माणसांवर तो चालवून बघ, आणि त्यांची मतं त्यांच्या हस्ताक्षरात पाठव. मतं चांगली आली तर नोकरी पक्की, म्हणजे चाकण सोडून बंगळूर. मुदत महिनाअखेरपर्यंत.

मी नको म्हणालो नाही. क्वालिटीतला माणूस नको म्हणत नाही, तो तपासतो. तिघांतला एक मी असणार होतो, म्हणजे राक्षस माझ्या टेबलावरून जाणार होता, आणि त्याला मी लाल टॅग बांधणार हे मी ऐकल्या ऐकल्या ठरवून टाकलं. खोटं कशाला बोलू. पोरगी जायला नको होती मला. परक्या गावात एकटी, काय खाणार, आजारी पडली तर कुणाच्या जिवावर राहणार. इथं मी आहे ना.

उरलेली दोघं म्हणजे माझी बायको आणि माझी बहीण. बहीण माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. लग्नानंतर सहाव्या वर्षी तिचा नवरा अपघातात गेला तेव्हा मी स्वतः जाऊन तिला घेऊन आलो. त्याला बावीस वर्षं झाली. तिला मूलबाळ नाही, आमच्या पोरीलाच तिनं अंगाखांद्यावर खेळवलं. भावकीत कुणाच्या लग्नाला गेलं की दोन-चार म्हातारी माणसं मला ऐकवतात, बहिणीला सांभाळावं तर तुझ्यासारखं. मी नुसती मान हलवतो, पण बरं वाटतं ऐकायला.

पहिल्या गुरुवारी सकाळचं आवरल्यावर आम्ही चौघं हॉलमध्ये सतरंजीवर बसलो. पोरीनं पुढ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. त्याच्यामागे म्हणे तिची गुपितं. मग तिनं वीस बाजूंचा एक फासा काढला, जांभळा, आत चमकी. मी आत जाऊन माप घ्यायचा माझा व्हर्निअर घेऊन आलो.

"पप्पा, फासा मोजताय तुम्ही?"

"ह्याच्यावर माझं नशीब ठरणार ना? मग मोजायला नको?"

समोरासमोरच्या बाजू मोजल्या. कुठं जास्त, कुठं कमी. असला माल आमच्या गेटातून आत येत नाही, मी म्हणालो. बायको म्हणाली की अहो, खेळू द्या आता तिला. मी व्हर्निअर पेटीत ठेवला, पण पेटी जवळच ठेवली.

मग तिनं सोंगं वाटली. मला योद्धा केलं. बायकोला वैद्यीण केलं, म्हणजे इथंही सगळ्यांची दुखणी तिच्याच गळ्यात. बहिणीला चोर केलं. माझी बहीण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर आणली तर दुसऱ्या दिवशी वाटी शीग लावून परत करते. पण चोर व्हायचं म्हटल्यावर ती अशी खुलली की विचारू नका. मांडी घालून पुढं सरकली आणि म्हणाली, "काय चोरायचं ते सांग फकस्त."

पोरीनं वाचायला सुरुवात केली. 'काळाच्या उदरातून उठलेली ही अतृप्त सावली जीवांच्या शक्तीचं शोषण करते.' इंग्रजीतून उचललेलं लगेच कळत होतं. मराठीत कोण बोलतं असं? आमच्या घरी उदर हा शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. मी म्हणालो, सावली ती आणि राक्षस तो, आधी बाई का बुवा ते तरी ठरव. तिनं ऐकून घेतलं आणि पान उलटलं.

"तुम्ही तिघं दोन दिवस माळरान तुडवताय," ती म्हणाली. आवाज जरा खाली आणला होता, भीती वाटावी म्हणून. "एक झाड नाही. पाणी संपत आलंय. भर दुपारचं ऊन डोक्यावर. आणि तेवढ्यात समोरून, जमिनीवरून, एक मोठी काळी सावली तुमच्याकडे सरकत येते."

एवढं बोलून ती थांबली. आम्ही घाबरायची वाट बघत असावी.

"बाई गं, बरं झालं," बायको म्हणाली. "चला, टेकू या जरा."

"मी भाकरी सोडते," बहीण म्हणाली.

मी म्हणालो, "मी चपला काढून आडवा होतो. अर्धा तास कुणी उठवू नका."

यात थट्टा नव्हती हो. आम्ही खरंच बसलो. दोन दिवस उन्हात चालल्यावर सावली दिसली तर माणूस दुसरं काय करणार? पोरगी आमच्याकडे बघतच राहिली. तलवार काढा, पळा, काहीतरी करा ना, ती म्हणाली. कशाला पळायचं, बहिणीनं विचारलं, चांगली सावली हाय की.

"आत्या, ती सावली म्हणजेच राक्षस आहे."

"मंग आधी सांगायचं न्हाई का? मी भाकरी सोडून बसले."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी मात्र हसलो नाही. मला हवी होती ती खोट सापडली होती आणि मी ती धरून ठेवली. मी पोरीला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जसं नव्या ट्रेनीला सांगतो तसं. छाया म्हण, पडछाया म्हण, भूत म्हण, पण सावलीला मराठी माणूस घाबरत नाही, तो सावली शोधत हिंडतो. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये एकच लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीत गाडी लागावी म्हणून माणसं पहिल्या शिफ्टला अर्धा तास लवकर येतात, त्यावरून दोघांची गचांडी धरलेली मी बघितलीय. आणि तू त्याच सावलीला राक्षस करून आमच्यापुढं सोडतेस. ज्यांनी उभ्या जन्मात ऊन बघितलं नाही त्यांच्या भाषेतून आणलेला राक्षस आहे तुझा. इथं तो चालायचा नाही.

तिनं कागद गोळा केले, फासा डबीत टाकला आणि ती आत गेली. बायकोनं माझ्याकडे रागानं बघितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मला गार वाटलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत चहाला मी हा किस्सा रंगवून सांगितला, आणि ज्यांनी ज्यांनी ऐकला ते पोट धरून हसले. एक जण म्हणाला, राव, तुमच्या पोरीला आमच्या शॉपफ्लोअरवर पाठवा, इथं तिला सावलीची किंमत कळेल. मी त्यालाही हसलो.

त्या आठवड्यात पोरगी कंपनीतून आली की माझ्याशी कामापुरतं बोलायची आणि आत्याजवळ जाऊन बसायची. बहीण गवार मोडत असायची, लसूण सोलत असायची, आणि ही शेजारी वही घेऊन काहीतरी विचारत असायची. मी गेलो की दोघी गप्प. मला वाटलं, रडगाणं चाललं असेल. चार दिवसांत विसरेल. मनातल्या मनात मी तिला बंगळूरला न गेलेलीच धरलं होतं.

पुढच्या गुरुवारी तिनं परत सतरंजी घातली.

या खेपेला उदर नव्हतं, अतृप्त नव्हतं. ती साधं बोलली. तेच माळरान, तेच ऊन, तीच सावली. प्रत्येकाला ताकदीचे दहा गुण दिलेत, ती म्हणाली, ते कागदावर लिहून ठेवा. सावलीत बसायचं तर बसा, नसेल बसायचं तर चालत राहा.

मी म्हणालो, "मी बसतो. मुद्दाम बसतो. बघू तुझी सावली माझं काय वाकडं करते ते."

बायकोही बसली, बहीणही बसली. आमच्या तिघांची नावं एका ओळीत लिहून पोरगी म्हणाली, "गार वाटतंय. सगळ्यांचा एक एक गुण कमी करा."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

दुसऱ्या डावाला परत तेच. गार वाटतंय, एक गुण कमी. तिसऱ्यालाही तेच. कुणी झेप घेईना, कुणी दात दाखवेना. मी विचारलं, हा राक्षस आहे की सरकारी खातं? कुणी हसलं नाही. पाचव्या डावाला बायकोनं कागदाकडे बघितलं आणि म्हणाली, अगं बाई, निम्म्यावर आलो की आपण, मी उठते.

"उठायला फासा टाकावा लागेल," पोरगी म्हणाली. "फासा आणि उरलेली ताकद मिळून वीस झाले पाहिजेत. पण त्याच्याआधी सावली बोलते. ती कुणाच्या मागे लागत नाही, कुणाला धरून ठेवत नाही. कुणी उठायला लागलं की एवढंच म्हणते." आणि तिनं कागदावरून वाचलं, अगदी घरातल्या आवाजात, "बस की गं जरा. उन्हाची कुठं निघालीस? मी आहे ना."

बायको फस्सकन हसली. "अहो, हे तर तुमच्यासारखंच बोलतंय."

मी म्हणालो, सगळीच माणसं असं बोलतात, यात लिहिण्यासारखं काय आहे? बायकोनं फासा टाकला, चार पडले. जाऊ दे, ती म्हणाली, गार तर आहे. आणि परत बसली.

बहीण म्हणाली, "आता मी उठते."

पोरीनं वाक्य वाचलं. फासा पडला, सहा. नाही जमलं आत्या, बसून राहा, अजून एक गुण कमी कर. बहिणीनं एक गुण खोडला आणि विचारलं, "फुडच्या डावाला परत टाकता येतोय का?" येतो, पोरगी म्हणाली. पण आता जास्त पाहिजेत. दर डावाला जास्त लागतात.

"लागू दे की."

पुढच्या डावाला पोरीनं परत तेच वाक्य वाचलं. अकरा पडले. परत एक गुण खोडला. मी कंटाळून म्हणालो, सोड ना, खेळ आहे. बहिणीनं ऐकलंच नाही. तिचं लक्ष फाशाकडे होतं. बावीस वर्षांत मी तिला कुठल्या गोष्टीसाठी इतकं पुढं सरकून बसलेलं बघितलं नव्हतं. आता तिच्या कागदावर तीन उरले होते, म्हणजे सतरा पाहिजे होते. तिनं फासा दोन्ही तळहातांत घेऊन खुळखुळवला आणि सोडला.

अठरा.

बहीण गुडघ्यावर हात देऊन खरंच उठली. खेळात उठायचं ते ती सतरंजीवरूनच उठली, पदर खोचला आणि दाराच्या बाजूला दोन पावलं टाकली. आणि मी, शपथेवर सांगतो, काहीही मनात नसताना बोललो, "अगं बस की. उन्हाची कुठं निघालीस?"

पोरगी कागद मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होती.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "ते माझ्या राक्षसाचं वाक्य होतं."

"न्हाई गं," बहीण म्हणाली. "ते त्याचंच हाय."

रागानं नाही म्हणाली. ती राग धरणारी बाई नाही. दाराजवळ उभी राहून सांगत राहिली, पोरीला सांगते आहे असं दाखवत, पण ऐकवत होती मला. इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी तिला सीटकव्हर शिवायच्या कंपनीत बोलावलं होतं. शिलाई चांगली होती तिची. गाडी घ्यायला येणार होती, डबा भरून झाला होता, पायात चपला घातल्या होत्या. "तवा दादा ह्या खुर्चीवर बसलावता. म्हणला, बस की घरात, उन्हाची कुठं निघालीस, मी हाय ना. मी चपला काढल्या. डबा दुपारी घरीच खाल्ला."

"मी तुझ्या भल्यासाठी म्हणालो होतो," मी म्हणालो.

"व्हय रे. गार वाटलं की मला. म्हणून तर बसले."

मला तो डबा आठवत नव्हता. अजूनही आठवत नाही. मी खूप ताण देऊन बघितलं. ती गोष्ट माझ्या लेखी घडलीच नव्हती, आणि तिच्या बावीस वर्षांत बहुतेक तेवढीच घडली होती. मला पोरीचा संताप आला. आठवडाभर गवार मोडता मोडता हिनं माझ्या बहिणीच्या तोंडून हेच काढून घेतलं, आणि माझं बोलणं राक्षसाच्या तोंडी घातलं. मी तिला काहीतरी टोचून बोलायला तोंड उघडलं. पण बोलण्यासारखं जे सुचत होतं ते सगळं तसंच होतं, बस, थांब, जाऊ नको, मी आहे. मी तोंड मिटलं.

"पप्पा, तुमचा डाव आहे," पोरगी म्हणाली. "तुम्ही उठताय का?"

माझ्या योद्ध्याकडेही तीनच गुण उरले होते. मी विचारलं, "सगळे उठून गेले तर सावलीचं काय होतं?"

"राहत नाही मग ती."

मी फासा उचलला नाही. बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिच्या मागोमाग बहीणही. आत दोघींचं काहीतरी चाललं होतं, भांड्यांचा आवाज येत होता, मध्येच बहीण हसली. पोरीनं पुठ्ठ्याचा आडोसा खाली घेतला, फासा डबीत ठेवला आणि माझ्यापुढं बंगळूरवाल्यांचा कागद आणि पेन ठेवलं. चांगलं लिहा असं ती म्हणाली नाही. उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. तिचे हात मागे होते आणि एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं.

कागदावर दोनच प्रश्न होते. या राक्षसाची भीती वाटली का? वाटली असेल तर नेमकी कधी?

नाही असं दोन अक्षरांत लिहिलं असतं तर पोरगी घरात राहिली असती. मला माझी सही माहीत आहे. ती ज्या कागदावर नसते तो माल गेटाबाहेर जात नाही. तेवढ्या दोन अक्षरांसाठीच मी दोन गुरुवार सतरंजीवर बसलो होतो. मी पेनाचं टोपण काढलं आणि बराच वेळ ते नुसतं धरून बसलो. मग पहिल्या प्रश्नापुढं लिहिलं, 'वाटली.'

दुसऱ्या प्रश्नापुढं लिहिलं, 'माझी बहीण उठली आणि मला तिला बसवता आलं नाही तेव्हा.'